कायदा आणि उंबरा

श्रोतेहो, कोल्हापूरचे नाव काढले की आपल्या मनात पहिल्यांदा येते ती अंबाबाई. कोल्हापुरात कावळा नाक्याला आले की दिसते ती घोड्यावर स्वार झालेली ताराराणी. देवी ती बाई आणि राज्याची गादी उभी करणारी तीही बाई! असे भाग्य फार थोड्या गावांना लाभले आहे. म्हणूनच आज आपल्यापुढे एक साधा प्रश्न ठेवायचा आहे. ज्या मुलखात देवी बाई, राणी बाई, त्या मुलखातल्या साध्या बाईचे काय झाले? शेणगोठा करणारी, भांगलणीला जाणारी, चुलीपुढे डोळे चोळणारी जी बाई, तिच्या वाट्याला या इतिहासातले काय आले?

शाळेत आपण राजांच्या सनावळ्या पाठ करतो. त्यात ताराबाई येतात. राजाराम महाराज 1700 साली गेले आणि पंचविशीतल्या या विधवा राणीने औरंगजेबाच्या फौजेशी सात वर्षे टक्कर दिली. पुढे 1710 च्या सुमारास पन्हाळ्यावर करवीरची वेगळी गादी उभी राहिली ती त्यांच्याच हिमतीवर. त्यांच्यानंतर 1760 ते 1773 या काळात जिजाबाई राणीसाहेबांनी दत्तक राजाच्या नावाने हेच राज्य चालवले. दोघीही विधवा होत्या, आणि दोघींनीही राज्य हाकले. पण गडाच्या पायथ्याला जी विधवा राहत होती, तिच्या हातात बांगड्या राहिल्या का? नाही राहिल्या. तलवार एका बाईच्या हाती गेली म्हणून सगळ्या बायांचे हात मोकळे होत नसतात. हे पहिले ध्यानात ठेवू या.

आता आपण शे-सव्वाशे वर्षे पुढे येऊ. 1894 साली राजर्षी शाहू छत्रपती गादीवर बसले. त्यांनी बहुजनांसाठी वसतिगृहे काढली, राखीव जागा ठेवल्या, सक्तीचे शिक्षण आणले, हे आपण सारे जाणतो. पण 1917 ते 1920 या तीन-चार वर्षांत त्यांनी बायकांसाठी जे कायदे केले, त्यांची आठवण फारशी कुणी करीत नाही. शिक्षक बंधुभगिनींनो, हे कायदे फळ्यावर ओळीने लिहून ठेवण्यासारखे आहेत.

1917 साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला. इंग्रजांच्या मुलखात असा कायदा 1856 सालीच झालेला होता, पण संस्थानचा कारभार वेगळा, तिथे तो राजाने करावा लागे. तो महाराजांनी केला, आणि अशा लग्नाची रीतसर नोंद व्हावी अशी तजवीज ठेवली. 1919 साली आंतरजातीय विवाहाला कायद्याने मान्यता दिली. त्याच साली काडीमोडीचा कायदा केला, आणि त्याच साली आणखी एक कायदा केला, तो म्हणजे स्त्रियांना क्रूरपणाने वागवण्याला बंदी. घरात बाईला मारहाण करणे, छळणे, हा नवऱ्याचा किंवा सासूचा खासगी मामला नाही, तो गुन्हा आहे आणि त्याला कैद व दंड आहे, असे या कायद्याने सांगितले. आपल्या देशात कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला 2005 साली. मध्ये 86 वर्षे गेली बघा! आणि 1920 साली जोगतिणींच्या आणि अनौरस संततीच्या वारसाहक्काचा कायदा करून, देवाला वाहिलेली मुलगीही माणूसच आहे आणि तिलाही हक्क आहे, हे महाराजांनी कागदावर आणले.

‘राजा बोले, दळ हाले’ अशी आपल्यात म्हण आहे. दळ हालते हे खरे. पण राजा बोलला म्हणून घरातली चूल हालते असे काही म्हणीत सांगितलेले नाही! कायदा वाड्यातून निघतो, चावडीपर्यंत येतो, दवंडी पिटली जाते. तिथून पुढे घराचा उंबरा ओलांडायचा असतो, आणि तोच त्याला जड जातो.

हे महाराजांना स्वतःच्या घरात कळले. त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजीराजे यांचे लग्न 1917 च्या जून महिन्यात सासवडच्या जगताप घराण्यातल्या इंदुमती यांच्याशी झाले. एक वर्ष झाले न झाले तोच, 1918 च्या जूनमध्ये, शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून राजपुत्र गेले. मागे राहिली सून, आणि तिचे वय अवघे अकरा वर्षांचे! विधवा म्हणजे काय हेही जिला धड कळत नव्हते, अशी ती पोर. राजाचे घर म्हणून दुःख कमी नव्हते, आणि राजाचे घर म्हणून रूढीही कमी नव्हती. उलट मोठ्या घरातला पडदा जाड असतो.

महाराजांनी काय केले? सुनेला कोपऱ्यात बसू दिले नाही. सोनतळीच्या छावणीवर तिच्या शिक्षणाची सोय लावली. राजवाड्यातसुद्धा या गोष्टीवर नाराजी होती, पण ते मागे हटले नाहीत. या सुनेने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. 1922 च्या मे महिन्यात महाराज वारले आणि ती इच्छा राहून गेली. तरी इंदुमतीदेवी 1925 साली मॅट्रिक झाल्या. पुढे त्यांनी कोल्हापुरात ‘ललित विहार’ ही बायकामुलींसाठीची संस्था 1954 साली काढली आणि 1961 साली मुलींसाठी गृहिणी महाविद्यालय उभे केले. 1971 साली त्या गेल्या. एका अकरा वर्षांच्या विधवेच्या हातात पाटी-पेन्सिल दिली तर पुढे किती घरांत उजेड पडतो, याचा हा दाखला आहे.

पण सगळ्याच मुलींना राजा सासरा मिळत नाही. मग साध्या घरांत ही पाटी कोण घेऊन गेले? इथे आणखी दोन बायांची ओळख करून घेतली पाहिजे. दोघी मायलेकी. आईचे नाव रखमाबाई केळवकर. नावावरून घोटाळा होऊ देऊ नका. बालपणी झालेले लग्न नाकारून 1884 पासून मुंबईच्या कोर्टात जिचा खटला गाजला, ती डॉक्टर रखमाबाई वेगळी. या कोल्हापूरच्या रखमाबाई शिक्षिका. कन्याशाळांच्या कारभारावर आधी एक इंग्रज मडम असे, त्या जागी शाहू महाराजांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला रखमाबाई आल्या. एखाद्या आईबापाला ‘मुलीला शाळेत घाला’ असे सरकारी शिपायाने सांगणे निराळे आणि लुगडे नेसलेल्या, आपल्याच बोलीत बोलणाऱ्या बाईने सांगणे निराळे. शिपायाला दारातूनच परत पाठवतात. बाईला आत बोलावतात, पाट देतात, चार गोष्टी बोलतात.

त्यांची मुलगी कृष्णाबाई. जन्म 1879 चा. ती पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकली, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात रुजू झाली. आज आपण ज्याला सी. पी. आर. म्हणतो, तेच हे रुग्णालय. महाराजांनी तिला पुढच्या शिक्षणासाठी विलायतेलाही धाडले. 

बाई डॉक्टर असण्याचे मोल त्या काळी किती होते, हे आज सहज कळणार नाही. बाळंतपण घरच्या अंधाऱ्या खोलीत व्हायचे. सुईण अनुभवी असली तरी नाळ कापायचे हत्यार उकळलेले नसे. धनुर्वाताने बाळ जायचे, ज्वराने बाळंतीण जायची, आणि घरचे म्हणायचे, नशीब! दवाखाना गावात असून उपयोग नव्हता, कारण पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू द्यायचा नाही ही रीत. दवाखाना होता, औषध होते, मरणारी बाईही होती; मधली वाट तेवढी नव्हती. ती वाट डॉक्टर कृष्णाबाईंसारख्या बायांनी पाडली.

म्हणजे बघा, कायदा असो, शाळा असो की औषध असो, ते उंबऱ्याच्या आत गेले ते कुठल्या ना कुठल्या बाईच्या पावलांनी गेले. 

आता थोडे गाण्याकडे वळू. तुम्ही म्हणाल, न्यायाच्या गोष्टीत गाणे कुठून आले? पण बायकांच्या इतिहासात गाणे, पोट आणि अब्रू या तिन्ही गोष्टी एकाच दाव्याला बांधलेल्या आहेत. 

आपल्या घरोघरच्या आयाबायांनी पहाटे जात्यावर ओव्या म्हटल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांच्या प्रयत्नाने अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. त्यात सासर आहे, माहेर आहे, भाऊ आहे, विठोबा आहे, आणि दुसऱ्या कुणापाशी बोलता न येणारे दुःख आहे. हे गाणे अब्रूचे मानले गेले, कारण ते घरात होते आणि त्याला पैसा मिळत नव्हता. पण बाई चारचौघांत गायला बसली, गाण्याचे मोल घेऊ लागली, की लोक गाणे ऐकायचे आणि गाणारीला नावे ठेवायचे.

कोल्हापूरच्या दरबारात शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय दिला. जयपूर घराण्याची ही गायकी इथे रुजली, आणि पुढे ती उचलून धरण्यात बायांचा वाटा फार मोठा आहे. केसरबाई केरकर गोव्यातल्या केरी गावच्या, जन्म 1892 चा. लहानपणी त्या गाणे शिकायला कोल्हापुरात आल्या होत्या, अब्दुल करीम खाँसाहेबांकडे. पुढे 1921 पासून अल्लादिया खाँसाहेबांची कडक तालीम त्यांनी वर्षानुवर्षे घेतली. मोगूबाई कुर्डीकर याही गोव्याच्याच, खाँसाहेबांच्याच शिष्या. गोव्यात देवळाच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतून या बाया आल्या. ज्या रूढीने त्यांना लग्नाचे घर नाकारले, त्याच रूढीने हातात दिलेला तंबोरा त्यांनी असा धरला की पुढे दोघींनाही देशाने पद्मभूषण दिले. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची याने ग्रहांच्या पलीकडे धाडली. त्यांवर साऱ्या पृथ्वीच्या वतीने जी गाणी ठेवली आहेत, त्यांत आपल्या देशाचा एकच आवाज आहे, तो केसरबाईंचा.

कोल्हापुरात 1927 साली जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी यांची गोष्ट याच्या उलट बाजूची. ब्राह्मण घरातली मुलगी. अशा घरात मुलीने मैफिलीत गाणे म्हणजे तोंड दाखवायला जागा नाही, असे मानण्याचा तो काळ. अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडे त्या शिकल्या, आणि पुढे केसरबाईंनी त्यांना आपली विद्या दिली. एकीला गाणे जातीने चिकटवलेले, दुसरीला जातीने मना केलेले. आणि दोघी एका तंबोऱ्याखाली बसल्या. 

सिनेमाचेही तसेच. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1920 साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आणला, तेव्हा बायकांच्या भूमिका बायकांनीच करायच्या म्हणून गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी पुढे आल्या. त्यांना कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी पडद्यावरची नावे घ्यावी लागली. आणि 1942 साली वडील गेल्यावर बारा वर्षांच्या लता मंगेशकरांच्या अंगावर घर पडले, तेव्हा मास्टर विनायकांच्या कंपनीबरोबर ते कुटुंब काही काळ कोल्हापुरातच राहिले. त्या गळ्यावर आधी पाच-सहा माणसांचे पोट चालले. जगाला वेड लावणे पुढचे. 

पण देवाला वाहिलेल्या सगळ्याच मुलींना तंबोरा मिळत नाही. बहुतेकींना मिळते परडी. सौंदत्तीच्या यल्लमाच्या नावाने आपल्या भागात गळ्यात दर्शन बांधलेल्या किती मुलींचे आयुष्य मातीला मिळाले! महाराजांचा 1920 चा कायदा होता, 1934 साली मुंबई इलाख्याचा कायदा आला, तरी मुली सोडल्या जातच होत्या. मग 1975 साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. ज्यांच्याविषयी आजवर दुसरे बोलत होते, त्या स्वतः एकत्र बसल्या आणि बोलल्या. आम्हाला दया नको, पोटाला काम द्या, पोरांना शाळा द्या, ही मागणी चळवळीतून पुढे आली. कर्नाटकात 1982 साली आणि महाराष्ट्रात 2005 चा म्हणून नवा कायदा झाला, त्यामागे या बायांच्या मोर्च्यांचे पाय आहेत.

आता पैशाकडे येऊ, कारण उंबऱ्याच्या आतला कारभार शेवटी पैशावर येतो. आपला जिल्हा उसाचा आणि दुधाचा. गोकुळचा दूध संघ 1963 साली निघाला आणि गावोगाव डेअऱ्या झाल्या. म्हशीची वैरण कोण करते? शेण कोण काढते? धार कोण काढते? बहुतेक घरांत बाई. आणि दुधाचे बिल कोणाच्या नावावर निघते? हे आपले आपणच पाहावे. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या चपलेवरची नाजूक चामड्याची वेणी कितीतरी घरांत बायकांच्या बोटांनी विणली जाते, पण कारागीर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुरुषच येतो.

जमिनीचे तर विचारूच नका. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा वाटा महाराष्ट्राने 1994 साली दिला, देशाने 2005 साली दिला. कायदा झाला. आणि मग काय झाले? वडील गेल्यावर भाऊ बहिणीला घेऊन जातो ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, हक्कसोडपत्रावर सही करायला! बहीण सही करते. तिला वाटते, सही नाही केली तर माहेर तुटेल, पंचमीला मुराळी येणार नाही. सात-बारावरचे नाव आणि माहेरची साडी यांत तिला एकच निवडायला लावतात. हा न्याय नव्हे.

पैसा आला की बाईचे दैन्य आपोआप सरते, असेही कुणी समजू नये. एक आकडा सांगतो, तो कडू आहे. 2001 च्या शिरगणतीत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या 839. महाराष्ट्रातल्या अगदी तळाच्या जिल्ह्यांत आपला नंबर! 2011 साली त्या 863 झाल्या. गर्भातल्या बाळाची परीक्षा करून मुलगी काढून टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने देशात सर्वांआधी, 1988 साली, कायदा केला होता. 1994 साली देशाने केला. तरी ज्या जिल्ह्यात घरोघरी दुभते आहे, पाटाला पाणी आहे, कारखान्याचे धुराडे आहे, तिथेच या मुली पाळण्यात पोचल्या नाहीत. गरिबीने नव्हे, सुबत्तेने त्यांना अडवले. तपासणीला पैसे लागतात, आणि ते आपल्यापाशी होते.

अंबाबाईच्या जिल्ह्यात असे व्हावे, याची लाज वाटली पाहिजे. पण नुसती लाज वाटून भागत नाही. म्हणून शेवटी एक ताजी आणि चांगली गोष्ट सांगतो.

शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. करोनाच्या साथीत गावोगाव कितीतरी तरुण बाया विधवा झाल्या. घरात माणूस गेलेले, आणि त्याच दिवशी चार बायकांनी मिळून त्या पोरीच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचे, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची. पुढे हळदीकुंकवाला बोलवायचे नाही, लग्नात पुढे उभे करायचे नाही. 4 मे 2022 रोजी हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला की आमच्या गावात ही विधवा प्रथा बंद. दोनच दिवसांनी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण होत होती. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून हेरवाडचा कित्ता इतर गावांनी गिरवावा असे सुचवले, आणि आणखी गावांनी तसे ठराव केले.

या ठरावाचे मोठेपण कशात आहे? 1917 साली राजाने विधवेला सांगितले की तू पुन्हा लग्न करू शकतेस. 2022 साली गावाने तिला सांगितले की लग्न कर वा न कर, तू अशुभ नाहीस. पहिली गोष्ट वरून खाली आली. दुसरी गावच्या सभेतून उठली, आणि ती सभा ज्यांच्या घरांची होती, त्यांच्याच उंबऱ्यापाशी ती येऊन उभी राहिली. मधली 105 वर्षे लागली ती एवढ्यासाठीच.

ठराव झाला म्हणजे काम झाले असे मात्र नव्हे. उद्या कुणाच्या घरी तसा प्रसंग आला, तर बांगड्या फोडायला उठणाऱ्या हाताला धरणारा दुसरा हात तिथे लागतो. तो पोलिसाचा असून चालत नाही. तो थोरल्या जावेचा, सासूचा, शेजारणीचा लागतो. 

म्हणून शिक्षकांना विनंती, की शाहू महाराजांचा धडा शिकवताना 1917 आणि 1919 च्या कायद्यांबरोबर केळवकर मायलेकींचेही नाव सांगा. मुलांना त्यांच्या आजीकडून जात्यावरच्या ओव्या लिहून आणायला सांगा. आजीही इतिहासात आहे हे मुलांना त्यातून कळेल. गावकऱ्यांना विनंती, की या आठवड्यात एकदा घरचा सात-बारा आणि डेअरीचे पासबुक काढून बघा, आणि त्यावर घरातल्या बाईचे नाव कुठे आहे ते शोधा. आणि मायबहिणींनो, पुढची ग्रामसभा लागेल तेव्हा जेवणे करून मागे थांबू नका, सभेला जा. गावात हेरवाडसारखा ठराव झाला आहे का, एवढे एकच विचारा. नसेल झाला, तर तो तुम्हीच मांडायचा आहे.